गावाने नाव द्यायचं: परक्या म्हणून मार खाल्लेल्या माणसामागे उभं कसं राहावं

तीन वर्षांपूर्वी चवथीच्या सुट्टीत, रात्री साडेनऊच्या सुमारास, गोव्यातल्या आमच्या गावच्या तिठ्यावर झारखंडच्या एका मुलाला मारहाण झाली. वय बावीस, जवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. मारणारे चौघे गावातलेच. आधी त्याला "कुठचा तू?" विचारलं, मग "भायले (बाहेरचे) येऊन आमची कामं खातात" म्हणत हात उचलला. गाड्यावर रॉस-ऑम्लेट खात आम्ही सहा-सात जण उभे होतो. आम्ही भांडण सोडवलं, मुलाला पाणी दिलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तो पोलिसांकडे गेला, तेव्हा पहिला प्रश्न आला, "साक्षीदार कोण?" त्याला आमची नावं माहीत नव्हती आणि आम्ही ती दिली नव्हती. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्याला मडगावहून रेल्वेत बसवून दिलं. तक्रार झालीच नाही.

त्यानंतर गावात आम्ही एक गट उभा केला. काय जमलं, काय चुकलं आणि कायदा नेमकं काय म्हणतो, ते क्रमाने लिहितो. तुमचं गाव पेडण्यात असो, फोंड्यात असो की वास्कोच्या एखाद्या टेकडीवर, यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी शब्द ओळखा

घाटी, भायले, भैया, चिंकी, खापरी. हे शब्द आपल्याकडे चहासोबत बोलले जातात. 'खापरी' हा शब्द पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून आणली त्या काळाचा वारसा आहे, तरी आजही एखाद्या काळ्या माणसाकडे बोट दाखवून तो सहज उच्चारला जातो. मराठी बोलणाऱ्या गोंयकारांना याची धग माहीत असायला हवी. १९८६ च्या कोकणी-मराठी भाषावादात माझ्या वडिलांना त्यांच्याच गावात "घाटावर जा" असं ऐकावं लागलं होतं. त्यांचा जन्म इथला, त्यांच्या आजोबांचाही. तोच शब्द आम्ही आज कर्नाटकातून आलेल्या लमाणी बाईला ऐकवतो, आणि वर्तमानपत्रातही चोरीच्या बातमीत 'परप्रांतीय' हा शब्द नावाआधी येतो.

शब्द कुठवर जातात हे गोव्याने पाहिलं आहे. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. त्यावर चर्चा व्हायला हवी होती ती खुनाची. प्रत्यक्षात एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. त्याआधी मार्च २००६ मध्ये सावर्डे-कुडचड्यात धर्मावरून दंगल झाली होती. शांत गोवा ही आपली ओळख खरी आहे, पण ती आपोआप टिकत नाही.

साधं भांडण आणि द्वेषातून झालेला हल्ला यांतला फरक ओळखायला आम्ही तीन प्रश्न विचारतो. हात उचलण्याआधी किंवा उचलताना गाव, जात, धर्म, रंग, भाषा यांबद्दल काय बोललं गेलं? त्या जागी गावातला कोणी असता तर हेच झालं असतं का? आणि त्याच लोकांनी आधी अशाच दुसऱ्या कुणाला त्रास दिला होता का? तिन्हींची उत्तरं त्याच रात्री लिहून ठेवा. आठवड्याने माणसाला नेमके शब्द आठवत नाहीत, आणि पुढे सगळं त्या शब्दांवर ठरतं.

गट घटनेच्या आधी हवा

घटना घडल्यावर जमलेली माणसं रागाने जमतात आणि चार दिवसांत पांगतात. म्हणून यादी आधी करा. आमच्या यादीत प्रत्येक वाड्यातली दोन माणसं आहेत. औषधांच्या दुकानाचे मालक आहेत, पहाटे पाव घेऊन घरोघर फिरणारा पोदेर आहे, तिठ्यावरचे दोन पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) आहेत, अंगणवाडी सेविका आहे, देवस्थान समितीतले एक काका आहेत, चर्चशी जोडलेल्या एक बाई आणि मशिदीतले एक शिक्षक आहेत. पोदेर आणि पायलट यांना कमी लेखू नका. रात्री-पहाटे रस्त्यावर काय घडलं ते त्यांना सर्वांत आधी कळतं.

सुरुवातीला आमची एक मोठी चूक झाली. पहिल्या चार बैठकांत ज्यांच्यासाठी गट काढला त्यांच्यातलं कोणीच नव्हतं. आम्हीच बोललो, आम्हीच ठरवलं. पाचव्या बैठकीला खोल्यांत राहणाऱ्या एका ओडिया बाई आल्या आणि म्हणाल्या, आम्हाला भाषण नको, रात्रपाळी सुटल्यावर फाट्यापासून खोलीपर्यंतच्या रस्त्यावर दिवा हवा. दिवा लावायला पंचायतीला दीड महिना लागला. त्या अंधाऱ्या वळणावर होणारी छेडछाड बंद झाली. आता निम्मे निर्णय त्यांच्याच हातात असतात.

नोंदणी, लेटरहेड, पदाधिकारी यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. एक वही, छापील फोन-यादी आणि दोन नियम पुरेत. पहिला नियम: आपल्यातला कोणीही कुणाला 'समज द्यायला' जाणार नाही. गस्त घालणारी टोळी झालो की आपल्यात आणि त्या चौघांत फरक उरत नाही. दुसरा नियम: जो तिथे हजर होता तो स्वतःचं पूर्ण नाव आणि फोन नंबर जखमी माणसाला लिहून देईल, त्याने मागायच्या आधी.

पहिला तास

११२ ला फोन करा आणि आपलं नाव सांगून करा. जखमीला एकटं सोडू नका. मार लागला असेल तर आधी दवाखाना. सरकारी रुग्णालयात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळ इथे, डॉक्टरांना स्पष्ट सांगा की ही मारहाण आहे. पडलो, घसरलो असं भीतीने सांगितलं जातं आणि तेच कागदावर कायम राहतं. पोलिसांसाठी दवाखान्याने करायची नोंद (मेडिको-लीगल केस), जिला सगळे एमएलसी म्हणतात, ती झाली का ते विचारून घ्या.

काळ्यानिळ्या खुणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उमटतात, म्हणून फोटो त्या दिवशीही काढा आणि नंतरही. गडद वर्णाच्या त्वचेवर खुणा सहज दिसत नाहीत. अशा वेळी सूज कुठे आहे, दाबल्यावर कुठे दुखतं, हे डॉक्टरांकडून लिहून घेण्याचा आग्रह धरा. आमच्या एका प्रकरणात "दृश्य जखम नाही" असा शेरा आला होता आणि पाच दिवसांनी एक्स-रेमध्ये बरगडी मोडलेली निघाली.

रक्त लागलेले कपडे धुऊ नका. वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये कुजतात. कुणी व्हिडिओ काढला असेल तर तो ज्या फोनमध्ये काढला त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत आकुंचन पावते आणि मूळ फाइलमधली बरीच माहिती गळते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं. दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसून त्यावर नवं चढतं. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला लेखी विनंती द्या आणि तिची प्रत पोलिसांना.

तो व्हिडिओ गावभर पाठवू नका. मार खाणाऱ्याचा चेहरा हजार फोनमध्ये जातो, आणि त्याला तो आयुष्यभर भेटत राहतो.

तक्रार कशी लिहायची

या पायरीवर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक प्रकरणं इथेच मरतात.

'द्वेषमूलक गुन्हा' असं वेगळं कलम भारतीय न्याय संहितेत नाही. त्यामुळे हकिकत जशी लिहाल तसं कलम लागतं. "चौघांनी मारलं" एवढंच लिहिलं तर साधी दुखापत होते, कलम ११५(२), जी अदखलपात्र आहे. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून कागद हातात देतात आणि तपास होत नाही. पण वाट अडवून धरली असेल तर कलम १२६ लागतं आणि ते दखलपात्र आहे. हाड मोडलं, दात पडला तर ती गंभीर दुखापत. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून गंभीर दुखापत केली तर कलम ११७(४) आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. असाच खून झाला तर १०३(२). धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा यांवरून गटागटांत वैर पसरवल्यास कलम १९६ लागतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मात्र दोघांच्या भांडणात उच्चारलेल्या एका शिवीला १९६ सहज लागत नाही, तिथे एका समूहाविरुद्ध चिथावणी दिसावी लागते. शिवाय हे कलम लावून खटला चालवायला सरकारची पूर्वमंजुरी लागते. म्हणून सगळा भार या एकाच कलमावर टाकू नका.

वाढवून एक शब्दही लिहू नका. चौघे असतील तर चौघेच. खरं तेवढंच, पण पूर्ण: किती जण होते, कोणी वाट अडवली, कोणत्या वस्तूने मारलं, आणि नेमकं काय म्हणाले. शिवी जशीच्या तशी, ज्या भाषेत दिली त्याच भाषेत. "अपशब्द वापरले" असं सभ्य वाक्य लिहिलं की गुन्ह्याचा हेतूच कागदावरून पुसला जातो. आपल्या गावातल्या शिक्षकांना शिव्या लिहायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा.

पीडित व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि चारचौघांत जातीवरून अपमान झाला असेल, तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा लागतो. गावडा, कुणबी, वेळीप हे समाज गोव्यात २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत, म्हणजे हा कायदा आपल्याच शेजाऱ्यांचाही आहे. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. "ती कर्नाटकातली, इथे तिची जात यादीत नाही" असं कुणी म्हणालं तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा २०२३ चा निकाल दाखवा. एका राज्यात अनुसूचित असलेल्या माणसाला या कायद्याचं संरक्षण देशभर आहे, असं त्यात म्हटलं आहे. गोवा याच उच्च न्यायालयाखाली येतो.

तक्रार मराठीत लिहिली तरी चालते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही मान्यता दिली आहे. पण पीडिताची भाषा वेगळी असेल तर ती भाषा जाणणारा माणूस सोबत न्या, आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका. वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आमच्याकडे एकदा अंगोलाचा विद्यार्थी होता, इंग्रजी तोडकं. शेजारच्या वाड्यातल्या ऐंशी वर्षांच्या बाई लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेल्या. त्या आल्या, त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये बोलल्या, आणि अर्ध्या तासात अख्खी हकिकत कागदावर आली. गावात असा माणूस शोधून आधीच यादीत टाका.

परदेशी माणसाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. व्हिसाची मुदत संपली आहे का हे त्याला खाजगीत विचारा, आणि संपली असेल तर पोलिसांकडे जाण्याआधी वकील गाठा. घटनेचं कलम १४ आणि २१ नागरिक नसलेल्यालाही लागू आहे, मार खाण्यापासून संरक्षण मागायला व्हिसा लागत नाही. पण मुदत संपलेली असेल तर त्याच्यावर वेगळी कारवाई होऊ शकते, आणि हे त्याला आधी माहीत असलं पाहिजे. जायचं की नाही ते त्याने ठरवायचं.

पोलिसांनी टाळाटाळ केली तर

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलं. "आमच्या हद्दीत नाही" हे कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये कोणत्याही पोलीस स्थानकात गुन्हा नोंदवता येतो. तक्रार ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत अधिकारी वरिष्ठांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करू शकतो, पण ती चौदा दिवसांत संपली पाहिजे. म्हणून चौदावा दिवस वहीत लिहून ठेवा.

नोंदवलंच नाही तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती जपा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. वकिलाच्या पैशांची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि जातीय अत्याचार किंवा वांशिक हिंसेचे बळी यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. पणजीत राज्य मानवी हक्क आयोग आहे. तिथे घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे.

पोलीस स्थानकात जाताना जमाव नेऊ नका. पीडित, दुभाषा, एक साक्षीदार आणि गावातला एक वडीलधारा माणूस, एवढे चार पुरेत. चांगले अधिकारी आम्हाला अनेकदा भेटले, आणि ते शांतपणे ऐकू शकले ते आमच्यातल्या कुणी आवाज चढवला नाही म्हणून.

"मिटवून टाका"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे वाक्य येतंच. येणारा माणूस बहुधा चांगला असतो: मारणाऱ्याचा मामा, एखादा पंच (पंचायत सदस्य), खोलीचा मालक. "पोरं आहेत, आयुष्य बरबाद होईल. चार पैसे घे आणि विषय संपव." मामांची काळजी खरी असते. पण ज्याला मार बसला तो त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसलेला असतो, त्याची खोली आणि नोकरी त्याच गावात असते. अशा ठिकाणी दिलेला होकार खरा नसतो.

आमचा नियम असा: तीन दिवस कोणतीही तडजोड नाही, आणि मालक किंवा ठेकेदाराच्या घरी बैठक नाही. तीन दिवसांनी पीडिताला मिटवायचं असेल तर त्याचा निर्णय मान्य. त्याच्या वतीने शूर होण्याचा अधिकार आपल्याला नाही. दरम्यान त्याला खोलीतून काढलं जाऊ नये म्हणून मालकाकडे गटातले दोघे जातात. बुडालेल्या रोजंदारीसाठी एक छोटा निधी ठेवला आहे. ते पैसे परत मागायचे नाहीत.

अफवेशी गाठ

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, मराठी बोलणारे. आपली भाषा बोलणारी माणसंही 'परकी' ठरून मारली गेली, हे प्रत्येक व्हॉट्सअॅप गटाच्या अॅडमिनने लक्षात ठेवावं.

अफवा दिसली की वाद घालत बसू नका. ज्याने टाकली त्याला खाजगीत विचारा की कुठून आली. पोलिसांना फोन करून खात्री करा. मग गावातल्या ओळखीच्या आवाजात पंधरा-वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज कोकणी, मराठी आणि हिंदीत पाठवा. आमच्याकडे हे काम अंगणवाडी सेविका करतात. लांबलचक लेखी खुलासा कोणी वाचत नाही, त्यांचा आवाज सगळे ऐकतात. चिथावणी देणारी भाषणं किंवा पोस्ट असतील तर जपून ठेवून पोलिसांना द्या. तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना सांगितलं आहे.

घरमालक आणि ग्रामसभा

एकत्र जेवण, शिगम्यात सहभाग, क्रिकेटचे सामने, हे सगळं चांगलं आहे, करा. पण माझ्या अनुभवात घरमालकांच्या एका बैठकीने जे होतं ते दहा स्नेहभोजनांनी होत नाही. भाडेकरूची पोलिसांकडे पडताळणी करणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, ती पार पाडायला मदत करा. फॉर्म भरून द्या, झेरॉक्स काढून द्या. कागद नीट असले की मालकाची भीती जाते आणि भाडेकरूला गावात पत्ता मिळतो. मूळ ओळखपत्र किंवा पासपोर्ट मात्र मालकाने स्वतःकडे ठेवू नये, आणि अनामत रकमेची पावती द्यावी.

ग्रामसभेत "अमक्या लोकांना खोल्या देऊ नका" असा ठराव कधी आला तर उभं राहून विरोध नोंदवा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. देशात कुठेही राहण्याचा हक्क कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे, पंचायतीला तो काढून घेता येत नाही. ग्रामसभेत बोलायचा आणि मत द्यायचा हक्क मतदारयादीत असलेल्यांना. खोल्यांत राहणारे बहुतेक त्या यादीत नसतात. त्यांच्या बाजूने बोलणारा माणूस आपल्यातलाच असावा लागतो. आपला ठराव हवा असेल तर तो आधी लेखी पंचायत सचिवांकडे द्या, आणि छोटा ठेवा. आमचा होता तो असा: "गावात राहणाऱ्या कोणत्याही व्यक्तीवर जन्मस्थान, धर्म, जात, वर्ण वा भाषेवरून हल्ला झाल्यास पंचायत पीडिताला तक्रार नोंदवण्यास सहकार्य करील." पहिल्या वेळी पडला. दुसऱ्या वेळी, चर्च आणि देवस्थान दोन्हीकडची माणसं पहिल्या रांगेत बसली तेव्हा, मंजूर झाला.

खटला लांबतो, माणूस निघून जातो

स्थलांतरित मजूर किंवा विद्यार्थी वर्षभरात दुसरीकडे जातो, आणि त्याच्याबरोबर खटला जातो. म्हणून तपास चालू असतानाच महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली, नोंदवून घ्यावा अशी लेखी विनंती तपास अधिकाऱ्याला करा. पीडिताचे दोन फोन नंबर आणि मूळ गावचा पत्ता लिहून ठेवा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर विचारा. साक्ष दूरदृश्य पद्धतीनेही देता येते. धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करता येतो, २०१८ ची योजना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली आहे.

मारणाऱ्यांच्या घरीही कोणी तरी जात राहिलं पाहिजे. तिठ्यावरच्या त्या चौघांपैकी दोघं माझ्या ओळखीच्या घरातली. त्यांच्या आयांशी बोलणं मी थांबवलं नाही. पुढच्या प्रकरणांच्या खटल्यांत मात्र त्याने काही सैल केलं नाही.

गेल्या वर्षीच्या प्रकरणातली मुलगी आसामची, ब्युटी पार्लरमध्ये काम करणारी. चेहऱ्यावरून हिणवत बसमधून ढकलून दिलं, मनगट मोडलं. या वेळी बसमधल्या तिघांनी जागेवरच नावं दिली, त्यात कंडक्टरही होता. एफआयआर त्याच रात्री झाला. तिची साक्ष अजून व्हायची आहे. ती सध्या दिब्रुगडला आहे. प्रत्येक तारखेनंतर तिला कोणी फोन करायचा हे वहीत लिहिलेलं असतं. या महिन्यात माझी पाळी आहे.